बायोचार घातलेल्या कुंडीत भूछत्रे उगवली तर काय करावे?

नागपुरात घरातल्या कुंड्यांमध्ये भूछत्रे दिसण्याचे दोन हंगाम आहेत. पहिला पावसाळ्यातला, जो सर्वांना अपेक्षित असतो. दुसरा मात्र भर मे महिन्यातला असतो, जेव्हा बाहेर पारा 45 अंशांच्या आसपास असतो आणि घरात कूलर दिवसरात्र चालू असतो. कूलर खोलीतली हवा गार करतो तसाच ती दमटही करतो, त्यामुळे बाहेर रखरखीत उन्हाळा असताना घरातल्या कुंडीपुरता पावसाळा सुरू झालेला असतो. अशा वेळी मनीप्लांटच्या किंवा पीस लिलीच्या बुंध्याशी सकाळी अचानक पिवळ्या छत्र्यांचा झुबका दिसला, की अनेक जण आधी झाड टाकून द्यायला निघतात आणि त्यानंतर अलीकडेच मातीत मिसळलेल्या बायोचारला, म्हणजे सच्छिद्र कोळशाला, दोष देतात. या दोन्ही गोष्टींची गरज नसते. जे करायला हवे ते सोपे आहे, पण ते योग्य क्रमाने करावे लागते.

आधी कारण समजून घ्यावे

आपल्याला दिसणारी छत्री हे त्या कवकाचे केवळ फळ असते. खरे कवक मातीत पसरलेल्या पांढऱ्या, सूक्ष्म तंतूंच्या जाळ्याच्या रूपात कित्येक आठवड्यांपासून तेथे राहत असते आणि मेलेला पालापाचोळा, कोकोपीट, लाकडाचे तुकडे, अर्धवट कुजलेले खत यांवर जगत असते. अशा कवकांना मृतोपजीवी म्हणतात. ती जिवंत मुळे खात नाहीत. उलट मृत पदार्थ कुजवून त्यांतील अन्नद्रव्ये झाडाला मोकळी करून देतात. ऊब, ओल आणि अन्न या तिन्ही गोष्टी एकत्र जुळून आल्या की हे जाळे फळ धरते, आणि छत्रीत बहुतांश पाणीच असल्याने ती एका रात्रीत वर येऊ शकते.

यात बायोचारची भूमिका नेमकी काय, हे नवख्यांनी नीट ध्यानात घ्यावे. काडीकचरा, लाकूड किंवा पिकांचे अवशेष अत्यल्प प्राणवायूत, साधारणपणे 350 ते 700 अंश सेल्सिअस तापमानाला तापवले, की जो सच्छिद्र कोळसा उरतो तो बायोचार होय. विदर्भात पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडे) आणि तुराट्या (तुरीच्या काड्या) मुबलक असल्याने त्यांपासूनही तो तयार करता येतो. चांगल्या भाजलेल्या बायोचारमधील कर्ब इतका टिकाऊ असतो की तो कवकांना सहजासहजी खाता येत नाही. तो मातीत शेकडो वर्षे राहू शकतो. म्हणजे बायोचार हे भूछत्राचे अन्न नव्हे. तो कवकाला निवारा आणि ओलावा पुरवतो, कारण त्याच्या असंख्य बारीक छिद्रांत पाणी धरून ठेवले जाते. अन्न येते ते त्याच्यासोबत घातलेल्या खतातून, किंवा त्या बायोचारमध्येच राहून गेलेल्या, नीट न भाजलेल्या लाकडाच्या गाभ्यातून.

याशिवाय एक कारण आहे आणि माझ्या मते तेच सर्वांत मोठे आहे. बायोचार मिसळल्यावर माती पूर्वीपेक्षा जास्त काळ ओली राहते, पण आपण पाणी मात्र पूर्वीच्याच सवयीने देत राहतो. कुंडीतली छत्री ही बहुतेक वेळा या न बदललेल्या सवयीची खूण असते.

पहिली पायरी: उपटण्यापूर्वी नीट पाहावे

घरातल्या कुंड्यांत सर्वाधिक आढळणारे भूछत्र म्हणजे ल्युकोकोप्रिनस बर्नबॉमाय. हे मूळचे उष्ण प्रदेशातले कवक युरोपातल्या काचघरांतही शिरले आणि 1839 मध्ये प्राग येथील काचघरात वाढलेल्या नमुन्यांवरून कॉर्डा या कवकशास्त्रज्ञाने त्याचे वर्णन केले. त्याचा रंग लिंबासारखा किंवा गंधकासारखा पिवळा असतो, कोवळेपणी टोपी अंड्याच्या आकाराची असते, उघडल्यावर तिच्या कडेला बारीक रेघा दिसतात, देठावर नाजूक कडे असते आणि एक-दोन दिवसांत सगळे मलूल होऊन कोलमडते. याच कवकाचे पिवळसर, बारीक गोळे कधीकधी मातीत सापडतात. ते खताचे दाणे किंवा किड्यांची अंडी नव्हेत.

करड्या किंवा तपकिरी रंगाच्या, कागदासारख्या पातळ छत्र्या, ज्या सकाळी उभ्या असतात आणि दुपारपर्यंत विरघळून किंवा सुकून जातात, त्या शाईछत्र्यांच्या गटातल्या असतात. शेणखत किंवा शेणकाल्याचे पाणी वापरलेल्या मातीत त्या हमखास येतात. त्यांच्यापासूनही झाडाला धोका नसतो. मातीवर पिवळा, ओलसर, लापशीसारखा थर पसरलेला दिसला आणि तो दुसऱ्या दिवशी सरकून वेगळ्याच जागी गेला, तर ते भूछत्र नसून श्लेष्म कवक असते. ते चमच्याने उचलून टाकले की काम झाले.

मातीवरच्या पांढऱ्या थराबाबत मात्र घाईने निष्कर्ष काढू नये. नागपुरात बोअरचे पाणी बहुधा जड असते आणि अशा पाण्यातले क्षार कुंडीच्या कडेला व मातीवर पांढरे साचतात. बुरशी कापसासारखी मऊ आणि तंतुमय असते, तर क्षारांचा थर कडक किंवा भुकटीसारखा असतो. शंका असल्यास त्या थराचा चिमूटभर भाग वेगळा काढून त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाकावेत. बुडबुडे आले तर तो चुन्याचा क्षार आहे. त्यावरचा उपाय पाणी बदलणे हा आहे, बुरशीवरचे औषध नव्हे.

खरोखर काळजी करण्याजोगी स्थिती एकच आहे आणि ती ओळखता आलीच पाहिजे. झाडाच्या बुंध्याशी, मातीच्या पातळीवर, खोडालाच पांढरे कापसासारखे जाळे चिकटलेले असेल, त्यात मोहरीएवढे गोल, आधी पांढरे आणि नंतर तपकिरी झालेले दाणे दिसत असतील, आणि खोड तेथे मऊ पडून झाड कोमेजत असेल, तर ते स्क्लेरोशियम रोल्फसाय हे रोगकारक कवक असण्याची दाट शक्यता आहे. हरभऱ्यातील मानकूज याच कवकामुळे होते, त्यामुळे विदर्भातल्या शेतकऱ्यांना ते चांगलेच परिचित आहे. अशी कुंडी तत्काळ वेगळी ठेवावी, झाड फारच कुजले असेल तर मातीसह पिशवीत बांधून टाकावे, ती माती दुसऱ्या कुंडीत वापरू नये आणि कुंडी साबणाने धुऊन कडक उन्हात वाळवावी. याचे मातीवर छत्री दिसण्याशी काही देणेघेणे नाही, पण दोन्ही गोष्टी पांढऱ्या तंतूंपासून सुरू होत असल्याने गल्लत होते.

दुसरी पायरी: छत्र्या काढाव्यात

घरात लहान मुले, मांजर किंवा कुत्रा नसेल आणि छत्र्या पाहायला आवडत असतील, तर त्या तशाच राहू दिल्या तरी झाडाचे काही बिघडत नाही. परंतु मुले किंवा पाळीव प्राणी असतील तर त्या दिसताक्षणी काढाव्यात, कारण पिवळे कुंडीछत्र खाल्ल्यास पोट बिघडते आणि उलट्या होतात.

टोपी उघडण्यापूर्वीच काढणे चांगले, कारण उघडलेल्या टोपीखालून बीजाणू गळू लागतात. हातात प्लॅस्टिकची पिशवी उलटी घालावी, देठ मातीलगत चिमटीत धरून हलकेच पिरगळावा, छत्री वर उचलावी आणि पिशवी तशीच सुलटी करून गाठ मारावी. नंतर हात साबणाने धुवावेत. दमा असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या व्यक्तीने हे काम दुसऱ्याकडे सोपवावे, किंवा निदान मास्क बांधून करावे. छत्र्या काढल्याने मातीतले जाळे मरत नाही. त्यामुळे आठवडाभराने पुन्हा दोन-चार उगवल्या तर उपाय फसला असे समजू नये.

तिसरी पायरी: पाणी देण्याची पद्धत बदलावी

सर्वाधिक लक्ष या पायरीवर द्यावे. बायोचार असलेल्या कुंडीत वरचा थर लवकर सुकलेला दिसतो आणि आत मात्र ओल टिकून असते. केवळ पृष्ठभाग पाहून पाणी देणारा माणूस अशा कुंडीत हटकून जास्त पाणी देतो. म्हणून बोट दोन पेरांपर्यंत, म्हणजे साधारण 4 ते 5 सेंटिमीटर, मातीत घालून पाहावे. मोठी कुंडी असेल तर लाकडी काडी तळापर्यंत खुपसून दहा मिनिटांनी बाहेर काढावी आणि तिला ओली माती चिकटली आहे का ते बघावे. लहान कुंडी सरळ उचलून पाहावी. पाणी दिल्यावरचे वजन आणि कोरडी असतानाचे वजन एकदा हाताला कळले, की दुसऱ्या कोणत्याही मापाची गरज उरत नाही.

पाणी द्यायचे तेव्हा खालच्या छिद्रातून बाहेर येईपर्यंत भरपूर द्यावे आणि बशीत साचलेले पाणी अर्ध्या तासात ओतून टाकावे. रोज पेलाभर पाणी घालण्याची पद्धत सर्वांत वाईट, कारण तिने वरचा थर सतत ओला राहतो, आणि कवक तेथेच फळ धरते, तर खालची मुळे तहानलेली राहू शकतात. स्नेक प्लांट, झीझी आणि जेड यांच्या बाबतीत माती जवळपास पूर्ण वाळू द्यावी. मनीप्लांट आणि सिंगोनियमला वरचा थर सुकल्यावर पाणी द्यावे. पीस लिलीला फार कोरडे सोसत नाही, म्हणून तिच्या कुंडीत अधूनमधून छत्र्या येतच राहतील हे मान्य करावे.

पाण्याचे वेळापत्रक नागपूरच्या ऋतूंप्रमाणे बदलायला हवे. एप्रिल ते जूनच्या मध्यापर्यंत कूलरच्या खोलीतल्या कुंड्या आणि गॅलरीतल्या कुंड्या यांची गरज पूर्णपणे वेगळी असते: गॅलरीतली कुंडी सकाळ-संध्याकाळ पाणी मागते, तर कूलरच्या खोलीतली तेच झाड असूनही तीन-चार दिवस थांबू शकते. कूलर चालू असताना समोरची खिडकी उघडी ठेवावी, कारण दमट हवा बाहेर गेली नाही तर कूलर थंडावा देत नाही आणि कुंड्यांवरची ओलही हटत नाही. जुलै ते सप्टेंबर या महिन्यांत पाणी आणखी कमी करावे. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा 10 अंशांच्या खाली उतरतो तेव्हा छत्र्या सहसा येत नाहीत, पण झाडाची वाढही मंदावलेली असते आणि जास्त पाण्याने मुळे कुजण्याचा धोका याच काळात अधिक असतो.

पाण्याबरोबर चिलटांचाही विचार करावा. ओल्या, कवकयुक्त मातीवर घोंगावणाऱ्या काळ्या बारीक चिलटांच्या अळ्या कवक खातात आणि संख्या वाढली तर कोवळ्या मुळांनाही इजा करतात. वरचा थर दोन पाण्यांच्या मध्ये पूर्ण वाळू दिला आणि पिवळे चिकट सापळे लावले, तर बहुतेक घरांत त्यांचा बंदोबस्त होतो.

चौथी पायरी: वरचा थर बदलावा

पाणी कमी करूनही छत्र्या येत राहिल्या तर वरची 3 ते 4 सेंटिमीटर माती मुळांना धक्का न लावता खरवडून काढावी. त्यात लाकडाचे तुकडे, पाने किंवा कूलरच्या जुन्या ताट्यांमधला लाकडाचा भुसा दिसला तर तोही काढावा. उन्हाळा संपल्यावर हा भुसा कुंड्यांवर आच्छादन म्हणून पसरण्याची पद्धत बाहेरच्या बागेत ठीक आहे, पण घरातल्या कुंडीत ती कवकाला दिलेली मेजवानी ठरते. रिकाम्या जागी धुतलेली जाडी रेती किंवा विटांचा चुरा टाकावा. या थरात अन्न नसते आणि तो लवकर सुकतो.

खरवडताना खालची माती पांढऱ्या तंतूंनी घट्ट बांधली गेलेली आढळली आणि ओतलेले पाणी वरून घसरून कडेने निघून जात असेल, तर मात्र कवकजालामुळे माती पाणी शोषेनाशी झाली आहे असे समजावे. जाड काडीने ठिकठिकाणी भोके पाडावीत, मग कुंडी तासभर पाण्याच्या टबात बुडवून ठेवावी आणि नंतर पूर्ण निथळू द्यावी. त्यानेही फरक पडला नाही तर माती बदलण्याची वेळ आली आहे.

पाचवी पायरी: माती बदलायची असेल तर मिश्रण नीट करावे

आधी बायोचार तपासावा. तुकडा मोडल्यावर कटकन तुटला पाहिजे आणि आतपर्यंत काळाभोर असला पाहिजे. आत तपकिरी गाभा दिसला तर ते अर्धवट जळालेले लाकूड आहे. असे तुकडे चाळून वेगळे काढावेत, कारण कवकाला खरे अन्न तेथेच मिळते. घरी साधा लाकडी कोळसा फोडून वापरणे चालते, मात्र शेगडीसाठीच्या दाबून बनवलेल्या विटा वापरू नयेत, कारण त्यांत इतर पदार्थ मिसळलेले असतात. कोराडी आणि खापरखेडा येथे औष्णिक वीज केंद्रे असल्याने आणि आसपास कोळशाच्या खाणी असल्याने या भागात दगडी कोळसा आणि त्याची राख सहज मिळते. या दोन्ही वस्तू बायोचार नव्हेत आणि त्या कुंडीत घालू नयेत.

कोरडा बायोचार चाळताना उडणारी धूळ फुप्फुसांना त्रासदायक असते, म्हणून त्यावर आधी पाणी शिंपडावे आणि नाकाला रुमाल बांधावा. मग तो रात्रभर पाण्यात भिजत घालून ते पाणी फेकून द्यावे. याने त्याच्यातली विद्राव्य राख आणि खारेपणा कमी होतो. आपल्याकडे ही पायरी टाळू नये असे मी आग्रहाने सांगेन, कारण नागपूरची काळी माती मुळातच चुनखडीयुक्त आणि अल्कधर्मी असते, बायोचारही बहुधा अल्कधर्मीच असतो, आणि वरून पाणी जड असले तर तिन्ही मिळून मातीचा सामू (पीएच) इतका वाढवतात की लोह मातीत असूनही झाडाला मिळत नाही. नवी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा हिरव्या दिसू लागल्या तर हेच घडलेले असते, आणि त्या वेळी लोक चुकून भूछत्रांना जबाबदार धरतात. शहरातच मृदा सर्वेक्षणाच्या राष्ट्रीय संस्थेचे मुख्यालय आहे आणि माती परीक्षणाच्या प्रयोगशाळाही आहेत, पण चार कुंड्यांसाठी सामू तपासण्याची साधी कागदी पट्टी पुरेशी होते.

धुतलेला बायोचार थेट कुंडीत घातला तर सुरुवातीला तो मातीतले अन्नद्रव्य, विशेषतः नत्र, स्वतःकडे ओढून घेतो. म्हणून तो समप्रमाणात गांडूळ खतात मिसळून, ओलसर ठेवून, सावलीत दोन ते तीन आठवडे मुरू द्यावा. अनेक जण यासाठी जीवामृत किंवा शेणकाला वापरतात. शेतासाठी आणि गच्चीवरच्या वाफ्यांसाठी ते उत्तम आहे, परंतु घरातल्या कुंडीसाठी मी पूर्ण कुजलेले गांडूळ खतच सुचवेन, कारण ताज्या शेणाबरोबर शाईछत्र्यांचे बीजाणू आणि वास दोन्ही घरात येतात. खत पूर्ण कुजले आहे की नाही ते हातात घेऊन ठरवावे: त्याला ओल्या मातीचा वास यावा आणि मूळ काडी किंवा पान ओळखू येऊ नये.

मिश्रणात चार भाग पोयट्याची माती, तीन भाग जाडी रेती, दोन भाग गांडूळ खत आणि एक भाग बायोचार असावा. बायोचारसोबत मुरलेले खत या दोन भागांतच धरावे. कन्हान नदीची धुतलेली रेती यासाठी चांगली. शेतातली काळी माती एकटी कुंडीत भरू नये, कारण ती भिजल्यावर फुगते, सुकल्यावर तडकते आणि मुळांना हवा मिळू देत नाही. बायोचारचे प्रमाण दहा टक्क्यांच्या वर नेण्यात काही फायदा नाही. 10 लिटरच्या कुंडीला अर्धा ते एक लिटर पुरतो.

जे करू नये ते

कुंडीत खाण्याचा सोडा टाकण्याचा उपाय सर्रास सांगितला जातो. सोड्यातला सोडियम मातीची घडण बिघडवतो आणि आपल्या आधीच अल्कधर्मी मातीत तो दुहेरी नुकसान करतो. दालचिनीची पूड वरच्या बुरशीला काही काळ रोखू शकते, पण खालच्या जाळ्यापर्यंत पोचत नाही. रासायनिक बुरशीनाशकाची येथे गरजच नसते; ते मृतोपजीवी कवकाला मारताना मातीतल्या उपयुक्त कवकांनाही मारते आणि घरात त्याचा वास व अंश राहतात. कृषी केंद्रात मिळणारी ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी वर सांगितलेल्या मानकुजीच्या शंकेत उपयोगी आहे, पण तिच्याबरोबर बुरशीनाशक वापरले तर दोन्हींचा खर्च वाया जातो.

छत्र्या आल्या म्हणजे मुळांशी सहजीवन करणारे मायकोरायझा जोमाने वाढले, अशी समजूतही दिसते. घरातल्या बहुतेक झाडांच्या मुळांत राहणारे मायकोरायझा छत्री तयार करतच नाहीत, त्यामुळे कुंडीतली छत्री त्यांचा पुरावा ठरत नाही.

आणि कुंडीतले भूछत्र खाऊ नये, मग ते कितीही ओळखीचे वाटो. पूर्व विदर्भातल्या बाजारांत पावसाळ्यात येणाऱ्या सात्या नावाच्या खाद्य छत्र्या वारुळातल्या वाळवीच्या आधाराने वाढतात, त्या कुंडीत उगवणे शक्य नाही. म्हणून कुंडीतली पांढरी छत्री पाहून सात्यांची आठवण झाली तरी ती दुसरेच काही असते. धिंगरी अळिंबीचे वापरलेले बेड खत म्हणून घातले असतील तर त्यांतून खरी धिंगरी उगवू शकते, पण त्याच मातीत इतर जातीही उगवत असल्याने खात्री देता येत नाही. लहान आकाराच्या पांढऱ्या-तपकिरी छत्र्यांमध्ये यकृत निकामी करणाऱ्या जाती आहेत आणि त्यांची लक्षणे सहा तासांनंतर, कधी त्याहूनही उशिरा दिसतात. तोवर मूल हसतखेळत असते, म्हणून 'अजून काही झाले नाही' या भरवशावर थांबू नये.

मुलाने छत्री तोंडात घातल्याचे लक्षात आले तर तोंडातले तुकडे काढावेत, चूळ भरायला लावावी, मीठ-पाणी पाजून उलटी करवू नये आणि लगेच मेडिकल किंवा मेयो या शासकीय रुग्णालयांच्या, नाहीतर जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या आकस्मिक विभागात न्यावे. उरलेली छत्री देठ आणि तळाच्या मातीसह कागदात गुंडाळून सोबत घ्यावी; प्लॅस्टिकमध्ये ती लवकर कुजते. कुंडीचा फोटोही काढून ठेवावा. कुत्र्या-मांजराच्या बाबतीत हेच करून सेमिनरी हिल्सवरील पशुवैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना किंवा जवळचे पशुवैद्य गाठावेत.

पुढे काय अपेक्षा ठेवावी

नव्याने भरलेल्या कुंडीत पहिल्या पावसाळ्यात छत्र्या येण्याची शक्यता सर्वाधिक असते, कारण त्या वेळी कच्चे अन्न सर्वांत जास्त असते. ते संपत जाईल तशी त्यांची संख्या कमी होते, मात्र बायोचार तेथेच राहतो आणि पाणी व अन्नद्रव्ये धरण्याचे काम करत राहतो. दुसऱ्या वर्षी खत घालायचे असेल तेव्हा ते मूठभरच, तेही पूर्ण कुजलेले आणि पावसाळा ओसरल्यावर घालावे. नवा बायोचार पुन्हा मिसळण्याची आवश्यकता नसते.